चिखल मुबारक

आमच्या गावाचं नाव सा अल-हजर, म्हणजे दगडांचं सा. हे नाव ज्याने ठेवलं तो एक तर थट्टेखोर असावा, नाहीतर फार जुना. कारण गावात सगळं मिळतं. डास मिळतात, तांदूळ मिळतो, शेजारणीकडे उसनी साखर मिळते. दगड तेवढा मिळत नाही. जे होते ते आमच्या आज्या-पणज्यांनी आणि आसपासच्या गावांच्या आज्या-पणज्यांनी शेकडो वर्षं मिळून मिसळून उचलून नेले, कुणी जात्यासाठी, कुणी उंबऱ्यासाठी. उरला तो एक प्रचंड खड्डा. खड्ड्यात पाणी, पाण्यात लव्हाळं, लव्हाळ्यात बेडूक. आणि हा खड्डा कुणी चोरून नेऊ नये म्हणून सरकारने तिथे एक राखणदार नेमला होता. त्याचं नाव मुतवल्ली.

मुतवल्ली पहिली चार वर्षं अगदी शहाण्यासारखा वागला. खड्ड्याच्या काठाला बाभळीखाली बसायचा, चहा उकळायचा, आणि पोरं बेडकांना दगड मारायला आली की त्यांना दगड नाही म्हणून हसायचा. मग एक दिवस कैरोहून एक म्हातारे प्राध्यापक आले आणि त्याचं डोकं फिरवून गेले. त्यांनी त्याच्याच पेल्यातून चहा घेतला आणि विचारलं, "काय हो, 'सावी काळ' म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"नाही, साहेब. मी अडाणी माणूस."

"सावी म्हणजे सा गावचा. तुमच्या गावचा. फार पूर्वी इथल्या मातीतले राजे अख्ख्या इजिप्तवर राज्य करत होते. जवळजवळ एकशे चाळीस वर्षं. मग इराणी आले आणि संपलं. पण त्या सगळ्या काळाला जगभरचे विद्वान अजून तुमच्या गावाच्या नावाने ओळखतात."

प्राध्यापक मोटारीत बसून गेले. मुतवल्ली मात्र त्या दिवसापासून जमिनीवर उतरला नाही.

आता खरं पाहिलं तर या शब्दात अर्थ तो केवढा? सावी म्हणजे सा गावचा. या हिशोबाने आमची म्हैसही सावी, तिचं शेणही सावी आणि शलबी न्हाव्याचा बोथट वस्तराही सावीच. पण मुतवल्लीने तो शब्द असा काही छातीशी धरला, जणू राजांनी जाताना मृत्युपत्रात त्याच्याच नावाने लिहून ठेवला होता. वर्षाकाठी एखादी परदेशी लोकांची गाडी वाट चुकून यायची. ते लोक खड्ड्याकडे बघायचे, मग हातातल्या पुस्तकाकडे, मग पुन्हा खड्ड्याकडे. राजधानी कुठे गेली ते त्यांना कळायचं नाही. तेवढ्यात मुतवल्ली पुढे होऊन छातीवर हात मारायचा आणि ओरडायचा, "सावी! सावी!" ते बिचारे त्याचाच फोटो काढायचे. दुसरं होतं काय काढायला?

गावाने त्याचं नावच 'राजेसाहेब' ठेवलं. तो कटिंगला गेला की शलबी न्हावी विचारायचा, "राजेसाहेब, मिशी सावी काळातली ठेवू की इराणी आल्यावरची?" भट्टीवर भाकरी घ्यायला गेला तर बाई म्हणायची, "ही घ्या, कालची आहे. म्हणजे तुमच्या हिशोबाने अगदी ताजी." घरी त्याची बायको नबविया वेगळी. "तुमच्या त्या राजांना सांगा, छप्पर गळतंय," एवढंच ती म्हणायची, पण दर हिवाळ्यात म्हणायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मुतवल्लीचं वेड लोकांच्या घरांवर येऊन बसलं.

त्याचं असं आहे. आमच्या गावात या मोठ्या खड्ड्यालगत कुणालाही घर बांधायचं तर आधी पुरातत्त्व खात्याचा माणूस येतो आणि प्लॉटमध्ये तपासणीचा खड्डा खणतो. पाणी लागेपर्यंत खाली जायचं. खाली काही जुनं निघालं, तर प्लॉटला कुंपण पडतं आणि मग तिथे तुम्ही नाही, तुमचे नातूही नाही. काही निघालं नाही, तर परवानगी. त्यामुळे जगात इतरत्र लोक जमीन खणताना सोनं निघू दे म्हणून दुआ मागतात, आणि आमच्याकडे बाया खड्ड्याभोवती ओढण्या पसरून बसतात आणि म्हणतात, "चिखल, या रब्ब, नुसता चिखल!" खड्डा कोरा निघाला की त्या जिभा वळवून अशा किलकाऱ्या काढतात की वाटावं घरात मुलगा झाला. गुलाबी सरबत वाटलं जातं. पुरुष एकमेकांना मिठ्या मारतात आणि म्हणतात, "चिखल मुबारक!" समोरच्यानेही म्हणायचं असतं, "तुमच्याही घरी चिखल निघो." बाहेरगावचा माणूस ऐकेल तर मारामारीच करेल.

आणि अशा प्रत्येक खड्ड्यावर राखणदार म्हणून मुतवल्ली हजर. खात्याच्या माणसांना जे दिसायचं नाही ते याला दिसायचं. तीस वर्षं मातीत बघून बघून त्याची नजर घारीची झाली होती. सगळं सुरळीत चाललेलं असायचं, सरबत पातेल्यात ढवळलेलं असायचं, आणि हा पठ्ठ्या हात वर करायचा, "थांबा! तो तुकडा बघू. हा सावी!" झालं. सरबत पातेल्यातच राहायचं. अशी सात घरं त्याने उभी राहण्याआधी पाडली. वर घरमालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "अरे, रडतोस काय? मान केवढा मिळाला तुझ्या जमिनीला!" ज्याचं जळतं त्यालाच कळतं. याचं अजून जळायचं होतं.

सातांमधला पाचवा होता हाजी दसूकी. त्याने थोरल्या मुलासाठी प्लॉट घेतला होता. मुलगा कुवेतला निघाला होता, त्याला थांबवायचं होतं. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. खड्डा पाण्याला लागला, खात्याचा साहेब उठला, पँट झटकली, आणि मुतवल्लीने चिखलातून बोटाएवढी एक हिरवी बाहुली उचलली. हात छातीवर घेतलेला, हातात कुदळ धरलेला चिमुकला माणूस. अशा बाहुल्या पूर्वीचे लोक मेलेल्यांबरोबर पुरायचे. वरच्या जगात मेलेल्याला कामाला बोलावलं की त्याच्याऐवजी बाहुलीने उठायचं आणि म्हणायचं, "मी हजर आहे." मुतवल्लीने तीही सगळी माहिती दसूकीला तिथल्या तिथे, आनंदाने दिली. मुलगा कुवेतला गेला आणि तिकडचाच झाला. ईदला फोनच्या काचेतून हात हलवतो. प्लॉटला कुंपण आहे आणि आत गवत इतकं छान येतं की गावच्या शेळ्या दसूकीला दुवा देतात.

आता अल्लाचा न्याय बघा. मुतवल्लीला एकुलता एक मुलगा, शहाता. नवसासायासांनी झालेला. तो मन लावून बसला कुणावर? तर दसूकीची धाकटी, इन्शिराह, तिच्यावर. आणि पोरगीही याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव घेईना. चार वर्षं साखरपुडा होऊन पडलेला. आमच्याकडे नवऱ्याने घर दाखवल्याशिवाय नवरी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, आणि मुतवल्लीच्या दोन खोल्यांत म्हातारा, म्हातारी आणि म्हैस यांचंच कसंबसं भागत होतं.

मग यंदा रमजान संपल्यावर दसूकी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "राजेसाहेब, शम्म अन-नसीमला, वसंताच्या सणाला, माझी पोरगी सत्ताविसाची होते. तोपर्यंत तुमच्या परसात पाया पडला तर लग्न. नाहीतर तन्ता शहरातल्या एका शिक्षकाचं स्थळ आलंय. मी 'हो' म्हणणार."

"अरे, पण हाजी, पोरांचं एकमेकांवर—"

"माझ्याही पोराचं या गावावर होतं." एवढं बोलून तो उठला. दारात वळून म्हणाला, "आणि खड्डा जुम्म्याच्या नमाजानंतर खणा. सगळ्या गावाला सोयीचं पडतं."

सोयीचं कशाला, ते लहान पोरालाही कळलं असतं. त्या शुक्रवारी मुतवल्लीच्या परसात गाव लोटलं. इतकी माणसं त्याच्या बापाच्या मयतीलाही नव्हती. भाजलेल्या बिया खिशात भरभरून लोक आले होते. शलबी न्हावी तर दुकानातली खुर्चीच घेऊन आला. सातही घरांचे लोक पुढच्या रांगेत. दसूकी अगदी समोर, काठीवर हनुवटी टेकून.

"काय राजेसाहेब," शलबीने सुरुवात केली, "आज खाली कोण निघणार? राजा की राणी?"

"राजवाडाच निघू दे," मागून कुणीतरी म्हणालं. "तीस वर्षं सांगतायत, गावच्या इंचाइंचाखाली सावी आहे म्हणून. स्वतःचं परस काय तेवढं अपवाद?"

नबविया ओढणी पसरून बसली होती. एकटीच. रीत म्हणून तरी चार बाया तिच्याशेजारी येऊन बसतील असं तिला वाटलं होतं. कुणी आलं नाही. ती ओठ हलवत होती, "चिखल, या रब्ब, चिखल," आणि मधूनच नवऱ्याकडे अशी बघत होती की त्याने आज तोंड उघडलं तर तिथेच त्याला पुरलं असतं.

शहाता भिंतीला टेकून उभा होता. तो बापाकडे बघतच नव्हता. सकाळी एवढंच म्हणाला होता, "बाबा, एक दिवस. फक्त एक दिवस तुमच्या राजांना झोपू दे."

खात्याकडून आल्या होत्या नेवीनबाई. तन्ताच्या, अठ्ठावीस वर्षांच्या, बूट चिखलात घालायला न लाजणाऱ्या. मुतवल्लीला त्या काका म्हणायच्या, आणि मनापासून म्हणायच्या, कारण पुस्तकात नसलेल्या निम्म्या गोष्टी त्यांना यानेच दाखवल्या होत्या. दोन गडी खणायला लागले. टोपलीमागून टोपली वर येत होती आणि काठाला उपडी होत होती. बाई प्रत्येक टोपली बोटांनी चाळत होत्या. हातभर झालं, चिखल. पुरुषभर झालं, चिखल. प्रत्येक टोपलीला पुढच्या रांगेत बिया फोडण्याचा आवाज थांबायचा, आणि मग निराश होऊन पुन्हा सुरू व्हायचा. तमाशा बघायला येऊन चिखल बघावा लागला की लोकांना फार फसवल्यासारखं होतं.

आणि एक गंमत सांगतो, म्हणजे मुतवल्लीला ती गंमत वाटत नव्हती. त्याला भीती होती हे खरं. पण जसजसा चिखलच निघत गेला तसतसं त्याला थोडं वाईटही वाटायला लागलं होतं. आपल्याच जमिनीखाली काहीच नाही? एक खापरी नाही? असल्या दिवशी असले विचार येणाऱ्या माणसाला काय म्हणावं!

तळाला पाणी झिरपलं. "बस," बाई म्हणाल्या. "शेवटची टोपली घ्या आणि वर या."

शेवटची टोपली मुतवल्लीच्या पायाशी उपडी झाली. बाई वहीत काहीतरी लिहायला वळल्या होत्या. ओला गोळा घसरला, दुभंगला, आणि आतून बोटाएवढी हिरवी चकाकी दिसली. छातीवर घेतलेले दोन हात, एक कुदळ.

मुतवल्लीने पाय टाकला.

ते त्याने ठरवून केलं नाही. तीस वर्षं जो हात आपोआप वर जायचा तो गेला नाही, पाय गेला. चपलेखाली काहीतरी टणक लागलं आणि हळूहळू चिखलात बसलं. त्याने मान वर केली. गावाने काही बघितलं नव्हतं, गाव शलबीच्या कुठल्याशा विनोदावर हसत होतं. फक्त समोर, काठीवर टेकलेली एक हनुवटी वर उठली होती. दसूकीच्या हातातली बी ओठांपर्यंत येऊन थांबली होती. त्याची नजर मुतवल्लीच्या चपलेवर होती.

बाई आल्या. टोपलीचा चिखल वरवर चाळला. मग सरळ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला तर काही दिसलं नाही. पण माझे डोळे पुस्तकातले, काकांचे मातीतले. काका, तुमच्या स्वतःच्या घराचं आहे म्हणून विचारायचं नाही असं नाही. उलट तुम्हालाच विचारते. तुम्ही म्हणाल ते लिहिते. आहे काही?"

आता बिया फोडण्याचा आवाज पूर्ण थांबला. नबवियाचे ओठ थांबले. शहाताने पहिल्यांदा बापाकडे बघितलं.

मुतवल्लीने तोंड उघडलं. 'आहे' म्हणावं तर पोरगं जातं, 'नाही' म्हणावं तर तीस वर्षं जातात, आणि काहीच म्हणू नये तर बाई समोर पेन धरून उभ्या. आणि शिवाय तो दसूकी. त्याने नुसतं काठीने दाखवून "राजेसाहेब, पाय उचला" एवढं म्हटलं असतं तरी चौदा वर्षांचं देणंघेणं तिथेच मिटत होतं. त्यासाठीच तर तो आला होता. मुतवल्लीला ते दिसत होतं, आणि तो पाय उचलत नव्हता.

दसूकी उठला. काठी टेकत, चिखल तुडवत तो थेट मुतवल्लीपुढे येऊन उभा राहिला. वाकून त्याच्या पायाकडे नीट बघितलं. मग दसूकी ताठ झाला, गावाकडे वळला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला,

"चिखल! नुसता चिखल! चिखल मुबारक!"

अहो, काय सांगू! नबवियाने जी किलकारी काढली ती नदीपलीकडच्या गावात ऐकू गेली असेल. मग दुसऱ्या बाया कशा मागे राहतील? सात घरांनी एकमेकांकडे बघितलं, त्यांची तोंडं एवढीशी झाली होती, पण सरबत आलं आणि सरबताला कुणी नाही म्हणत नाही. शलबी न्हावी "तुमच्याही घरी चिखल निघो" म्हणत सगळ्यांच्या गळ्यात पडत होता, खुर्ची कुठे ठेवली ते विसरून. शहाता रडत होता आणि हसत होता. बाईंनी वहीत एक ओळ लिहिली आणि सही केली.

त्या गर्दीत दसूकीने मुतवल्लीला मिठी मारली. गावाने टाळ्या वाजवल्या, चौदा वर्षांचं वैर मिटलं म्हणून. मिठीतच, त्याच्या कानाशी, अगदी शांतपणे दसूकी म्हणाला, "माझ्या प्लॉटमधली पण एवढीच होती, मुतवल्ली."

दसूकीने त्याच्या हातात सरबताचा पेला दिला आणि तो व्याह्याच्या थाटात लोकांची विचारपूस करायला निघून गेला.

पुढचा तासभर मुतवल्ली जागचा हलला नाही. लोक म्हणाले, आनंदाने पाय जड झालाय. तिथेच उभं राहून त्याने मुबारकी घेतली, तिथेच सरबत प्यायला, तिथेच म्हैस येऊन त्याला हुंगून गेली. शेवटचा माणूस गेल्यावर त्याने खाली वाकून पाय काढला, तेव्हा चप्पल चिखलातच राहिली.

पाया पडला. विटा आल्या. लग्नाची तारीख ठरली. ती बाहुली मात्र चार दिवस चहाच्या डब्यात होती, आणि चार दिवस मुतवल्लीने चहा केला नाही. फेकावी तर हात होईना, ठेवावी तर तिच्याकडे बघवेना. जुन्या काळच्या कुणा मेलेल्याच्या नावाने "मी हजर आहे" म्हणायला ती बनवली होती, आणि ऐन वेळी त्याने तिच्या तोंडावर पाय दिला होता. पाचव्या दिवशी तो ती रुमालात गुंडाळून नेवीनबाईंकडे गेला.

बाई खूश झाल्या. "वा, काका! किती सुंदर आहे! कुठे मिळाली?"

"मोठ्या खड्ड्याच्या काठाला," मुतवल्ली म्हणाला. "बेडकं धरायला पोरं आली होती, त्यांच्या पायाखाली."

तीस वर्षांत त्याने सापडल्याची जागा कधी वीतभरही इकडची तिकडे सांगितली नव्हती. बाईंनी ती जशीच्या तशी लिहून घेतली. मग बाहुलीच्या खाचेतला चिखल नखाने काढता काढता त्या थांबल्या. परसातल्या काळ्या चिखलाला म्हशीच्या गोठ्याचा वास येतो, खड्ड्याकाठच्या मातीला येत नाही. त्यांनी बोट नाकाशी नेलं, मुतवल्लीकडे बघितलं, आणि पुन्हा वहीकडे बघितलं. वातावरण हलकं करावं म्हणून की काय, नेहमीसारखं हसून म्हणाल्या, "बरं, काळ कुठला लिहू? तुम्ही तर मी विचारायच्या आधीच सांगता."

मुतवल्लीने रुमालाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"मला काय कळतंय, बाई," तो म्हणाला. "मी अडाणी माणूस. तुम्हीच लिहा."